प्रशिक्षकाला निदान एक तुकडी पूर्ण करू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेत संघ पहिल्या-दुसऱ्या फेरीत गारद झाला की प्रशिक्षक बदलण्याची घाई होते, तिच्याविषयी हे पत्र आहे. प्रशिक्षकाने स्वतः निवडलेली प्रथम वर्षाची मुले पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत, म्हणजे निदान तीन वर्षे, त्याला काम करू द्यावे, असे माझे मत आहे. पहिल्या वर्षी मैदानात उतरणारा संघ मुळात आधीच्या माणसाने घडवलेला असतो. त्याच्या पराभवाचे खापर नव्याच्या माथी फोडणे न्यायाचे नव्हे.

कोल्हापुरात तर चांगला खेळाडू आधी पेठेचा, तालमीचा (म्हणजे फुटबॉल संघ चालवणाऱ्या तालीम मंडळाचा) असतो आणि मग महाविद्यालयाचा. शाहू स्टेडियमवर तालमीचा सामना असला की महाविद्यालयाच्या सरावाकडे मुले पाठ फिरवतात (त्यांना दोष तरी कसा द्यावा, गॅलरी भरते ती तिकडेच). अशा स्थितीत प्रशिक्षक गोलरक्षकाकडून जवळच्या बचावपटूला पास देऊन खेळ उभा करायला शिकवू लागला, तर सुरुवातीला नेमका तोच पास हिरावला जाऊन गोल बसतात आणि रेषेबाहेरून ‘लांब मार, लांब!’ असा ओरडा सुरू होतो. तो ओरडा संस्थाचालकांपर्यंत लगेच पोहोचतो. पायात बसलेली सवय मात्र एका हंगामात सुटत नाही.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल हा आपल्यापेक्षा निराळा खेळ असला, तरी तेथील एक उदाहरण येथे लागू पडते. व्हर्जिनिया टेकचे प्रशिक्षक फ्रँक बीमर यांच्या सहाव्या हंगामात, १९९२ मध्ये, संघाने अकरापैकी दोनच सामने जिंकले. तरीही विद्यापीठाने त्यांना कायम ठेवले आणि १९९३ पासून २०१५ मधील त्यांच्या निवृत्तीपर्यंत तो संघ दर हंगामाअखेरीच्या मानाच्या ‘बाउल’ सामन्यासाठी पात्र ठरत राहिला. उलट २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर यांना करार संपण्याआधी काढले, तेव्हा त्यांना सुमारे साडेसात कोटी डॉलर देण्याची जबाबदारी विद्यापीठावर आली. आपल्याकडे मानधनावरच्या प्रशिक्षकाला काढायला दमडीही लागत नाही, आणि मला वाटते, घाईचे खरे मूळ तेथेच आहे.

मुलांशी गैरवर्तन करणाऱ्याला किंवा जायबंदी खेळाडूला दामटून खेळवणाऱ्याला एक दिवसही देऊ नये. इतरांना मात्र तीन वर्षांचे नेमणूकपत्र द्यावे आणि दरवर्षीचा आढावा निकालाऐवजी सरावाची हजेरी व संघात टिकलेली मुले यांवर घ्यावा. येत्या हंगामाच्या नेमणुकांपूर्वी संस्थांनी याचा विचार करावा, ही विनंती.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर