गादी सोडताना

चि. अमोल यास अनेक आशीर्वाद.

परवा दुकानात तू हळकुंड कट्कन मोडून आतला रंग दाखवलास आणि त्या तासगावकडच्या शेतकऱ्याला म्हणालास, "आज या भावात माल देऊन टाका." त्यानं तुझ्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, मगच तो हो म्हणाला. तू खाली मान घालून पट्टी लिहायला घेतलीस. रात्रभर मला झोप नाही.

मुंबईत कॉलेजात असताना एका फादरांनी आम्हाला आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांची हकिकत सांगितली होती. जेझुइट या कॅथलिक संघाचे इंग्रज धर्मगुरू, लिव्हरपूलहून १९३७ साली मुंबईचे आर्चबिशप, म्हणजे इथल्या कॅथलिकांचे प्रमुख झाले. त्या गादीबद्दल रोमचे पोप आणि पोर्तुगाल यांच्यात १९२८ साली करार झालेला: एकदा पोर्तुगीज बसणार, एकदा ब्रिटिश. इथल्या माणसाची पाळी येणारच नव्हती. रॉबर्ट्सना ते पटेना. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस सहायक बिशप झाले. कराचीत जन्मलेले, गोव्याकडच्या घरातले. रॉबर्ट्सनी कारभार त्यांच्या हाती दिला आणि मुंबई सोडली. वय अवघं ५३. कागदावर आर्चबिशप तेच होते, पण चार वर्षं ते परत आले नाहीत. १९५० मध्ये पोर्तुगालनं हक्क सोडला, डिसेंबरात ग्रेशस आर्चबिशप झाले आणि १९५३ साली भारताचे पहिले कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्मगुरू. रॉबर्ट्स पुढं अण्वस्त्रांविरुद्ध बोलत राहिले, १९७६ साली वारले.

ते मुंबईतच एखाद्या बंगल्यात राहिले असते, तर लोक ग्रेशसना ओलांडून तिथंच गेले असते रे. नुसती सही देऊन गादी सुटत नाही. डोळ्यांआड व्हावं लागतं.

आपल्या आप्पांना ते जमलं नाही. २००५ च्या पुरात हरिपूरची पेवं, हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, गेली, त्यानंतर त्यांनी दुकान माझ्या नावावर केलं, पण रोज सकाळी येऊन बसायचे. दिवाणजी चेकवर माझी सही घ्यायचे आणि बघायचे त्यांच्याकडं. आप्पांची माया होती, मला ठाऊक आहे. पण ते गेल्यावर पहिला मोठा सौदा एकट्यानं केला, तेव्हा एवढा जाणता माणूस मी, माझा हात थरथरत होता. तुझं तसं होऊ द्यायचं नाही मला.

म्हणून सोमवारी मी आणि तुझी आई चिपळूणला आत्याकडं निघतोय. हंगाम संपेपर्यंत तिकडंच. तिजोरीची किल्ली देवघरात आहे, कोल्ड स्टोरेजच्या पावत्या निळ्या फायलीत. हमालांची मजुरी शनिवारची रविवारवर जाऊ देऊ नकोस. भाव विचारायला मला फोन करू नकोस, मी सांगणार नाही. दिवाणजींनाही तसंच बजावलंय. रात्री जेवल्यावर मात्र कर, तुझ्या आईला चैन पडत नाही.

आणि गादीवरचा तो तक्क्या बदलून घे. आप्पांच्या उंचीचा आहे, तुझी पाठ धरते त्यानं.

तुझे,
बाबा