दुबई नव्हे, कराची

कराची,
14 मार्च 2015

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बुधवारी फोनवर धड बोलणं झालंच नाही. आई, तू रडत होतीस, बाबा मागून टीव्हीवरच्या पट्ट्या मोठ्याने वाचून दाखवत होते आणि माझ्या फोनची बॅटरी संपायला आली होती. म्हणून आता सविस्तर लिहितेय. बाबा, याचं प्रिंट काढून घ्या, कॉम्प्युटरवर वाचत बसू नका.

त्या दिवशी झालं ते असं. पहाटे रेंजर्स या निमलष्करी दलाने अझीझाबादमधल्या नाइन झीरोवर, म्हणजे एमक्यूएम या इथल्या मोठ्या पक्षाच्या मुख्यालयावर, छापा घातला. बातमी फुटली तसं शहर आपोआप बंद झालं. शटरं खाली आली, पेट्रोल पंपांना दोऱ्या लागल्या, मिनीबस आणि चिंगची, म्हणजे मोटारसायकलला जोडलेल्या रिक्षा, दिसेनाशा झाल्या. इथल्या लोकांना याचा इतका सराव आहे की घाबरण्याआधी ते दूध आणि पाव आणून ठेवतात. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळीच 'हालात' सुरू झालं: कुठला रस्ता चालू, कुठला बंद, कोण कुठे अडकलंय. अशा दिवशी ज्याचं घर जवळ त्याने बाकीच्यांना घेऊन जायचं असं ठरलेलं आहे. मला टीममधली एक मुलगी तिच्या घरी घेऊन गेली. रात्री तिथेच राहिले. त्या घराबद्दल पुढे लिहिते, कारण तुमच्याकडे एक काम आहे.

बाबा, तुम्ही दर वेळी विचारता, 'विद्यार्थ्यांची संघटना म्हणजे नेमकं काय? पक्ष की काय?' पक्ष अजिबात नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर, 1948 मध्ये, युरोपातल्या सात देशांतल्या विद्यार्थ्यांनी आयसेक, म्हणजे मी जिच्यासाठी इथे काम करते ती संघटना, सुरू केली. पोरांनी एकमेकांच्या देशात राहून काम करावं, म्हणजे पुढच्या वेळी बंदुका घेऊन समोर येण्याआधी निदान विचार तरी करतील, अशी भाबडी म्हणावी इतकी साधी कल्पना. ती भाबडी आहे हे इथे आल्यावर जास्तच जाणवतं, पण टाकाऊ वाटत नाही. सगळा कारभार मुलंच चालवतात आणि पदाधिकारी दरवर्षी बदलतात. माझी मुदत जूनअखेर संपते. तोवर कराची, लाहोर, इस्लामाबादच्या कॉलेजांतल्या टीम्सना हिशेब, मुलाखती, कार्यक्रम आखणं हे शिकवायचं आणि बाहेरच्या देशांतून येणाऱ्या मुलांसाठी इथल्या शाळांत, संस्थांत काम शोधायचं. त्यात व्हिसाची पत्रं, राहायची सोय, विमानतळावर घ्यायला जाणं हे सगळं आलंच. पगार फार नाही हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा तो पुन्हा विचारू नका.

डिसेंबरात पेशावरच्या शाळेवर हल्ला झाला, त्यानंतर यायचं ठरलेल्या मुलांचे नकार यायला लागले. बहुतेक पत्रांत एकच वाक्य असायचं: घरचे नको म्हणतायत. देश वेगवेगळे, आया मात्र सगळ्या तुझ्यासारख्याच, आई. कुणालाच 'या' म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि 'येऊ नका' असंही लिहिलं नाही. 12 जानेवारीला शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा आमचे स्वयंसेवक जिथे शिकवायला जातात त्या शाळेत मी गेले होते. कुंपणाची भिंत वाढवलेली, वर काटेरी तार, फाटकाशी बंदूकवाला. आत चौथीच्या वर्गात मात्र नेहमीचाच गोंधळ, खोडरबरावरून मारामारी चाललेली.

इथे हे काम का महत्त्वाचं वाटतं, ते सांगते. लष्करी हुकूमशहा जनरल झियांनी फेब्रुवारी 1984 मध्ये विद्यार्थी संघांवर बंदी घातली. मध्ये थोडा काळ ती उठली, पण आज कॉलेजात निवडणूक नाही ती नाहीच. प्रवेश घेताना मुलांना राजकारणात भाग घेणार नाही असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यामुळे वीस वर्षांच्या मुलीने कॉलेजात कुणाला मतच दिलेलं नसतं, मग मागणार कुठून? गेल्या महिन्यात आमच्या एका टीमची अध्यक्षपदाची निवडणूक झाली. उमेदवाराने पुढे उभं राहायचं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, दमेपर्यंत. गेल्या वर्षीचे पैसे कुठे गेले, दोन कार्यक्रम का रद्द झाले, टीममधलं कुणी काम करत नसेल तर काय करणार. मध्येच लाइट गेली. यूपीएसवर एकच ट्यूब लागते, तिच्या उजेडात प्रश्न चालूच राहिले. एका मुलाने एका उमेदवार मुलीच्या अंदाजपत्रकातली बेरीज चुकलेली दाखवली, तेव्हा ती 'थांबा' म्हणाली आणि फळ्यावर सगळं पुन्हा मांडलं. तीच निवडून आली. तिचे वडील मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बसून होते. निकालानंतर त्यांनी मला एवढंच विचारलं, 'रात को घर कौन छोड़ेगा?' मी आमचा नियम सांगितला: प्रत्येकाचा 'पोहोचलो' असा मेसेज आल्याशिवाय ग्रुपवर कुणी झोपत नाही. त्यांना तो पटला की नाही कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तेच तिला आणायला-सोडायला येतात.

बंदी असली तरी मुलं गप्प नाहीत. या होळीला एम. ए. जिना रोडवरच्या स्वामीनारायण मंदिराभोवती नॅशनल स्टुडंट्स फेडरेशनच्या मुलामुलींनी हात धरून साखळी केली, आतल्या लोकांना निर्धास्त रंग खेळता यावा म्हणून. ती संघटना डाव्या विचारांची, आमचा तिच्याशी संबंध नाही, आणि परदेशी पासपोर्टवर असल्या ठिकाणी जायचं नाही हे मला कळतं. गेले नाही, काळजी करू नका. पण आमच्यातली दोघं गेली होती, ती गुलाल लागलेले कपडे तसेच घालून मीटिंगला आली आणि कुणी त्यांना काही बोललं नाही.

त्याच रस्त्यावर एक शाळा आहे, एनजेव्ही. सिंधमधली पहिली सरकारी शाळा, 1855 सालची. एनजेव्ही म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य, मुंबई इलाख्यातले शिक्षणाधिकारी. 1936 पर्यंत सिंध मुंबईलाच जोडलेला होता, हे बाबा, तुम्हीच मला कधीतरी सांगितलं होतंत. मग कराची म्हटल्यावर तुम्हीच एवढे का दचकता?

आता मुद्द्याचं. दापोलीच्या अण्णाकाकांना तुम्ही मी दुबईला आहे असं सांगितलंय. आत्यालाही. आई, तुझ्या भिशीच्या बायकांनाही. का सांगितलंत ते मला समजतं. दापोलीत कुजबूज होईल, कुणी काय अर्थ काढेल, उद्या मला भारताचा व्हिसा मिळताना अडचण येईल. पासपोर्ट कॅनडाचा असला तरी जन्मगाव दापोली असल्यामुळे इथल्या व्हिसाला किती महिने लागले ते आपण पाहिलंच आहे, तेव्हा तुमची भीती अगदीच पोकळ आहे असं मी म्हणत नाही. पण अण्णाकाका मला दुबईच्या उन्हाबद्दल विचारतात, सोन्याचा भाव विचारतात, आणि मी इंटरनेटवर बघून सांगते. परवा त्यांनी केशर मागवलं. आता केशर कुठून आणू? आणि आई, तिकडे कॅनडात, मिसिसागात समोरच्या लाहोरच्या काकूंकडून दर ईदेला शीरखुर्मा येतो, तू त्यांना पुरणपोळी देतेस, त्यांच्या सुनेच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू तूच केलेस. त्यांना तरी माहीत आहे का मी कुठे आहे ते? नसेल तर आधी त्यांनाच सांग. तुला धीर द्यायला त्यांच्याइतकं जवळ दुसरं कोण आहे?

अण्णाकाकांना सांगावं लागेल, त्याचं कारण ते बुधवारचं घर. माझ्या मैत्रिणीचे आईवडील कोकणी मुसलमान आहेत. कराचीत त्यांची वस्ती बरीच आहे, हे मला ऐकून माहीत होतं. रात्री जेवायला बसलो. माझ्यासाठी वेगळं वरण-भात आणि कैरीचं लोणचं केलं होतं. कोपऱ्यात तिची आजी बसली होती, ऐंशीच्या पुढची, सुपारी कातरत. मी 'दापोली' म्हटल्याबरोबर तिचा अडकित्ता थांबला. मग उर्दू बाजूला ठेवून म्हणाली, 'दापोलीची हाय ना तू? मग हर्णै बघितलंस की नाय?' बाबा, तुमच्या शेजारची फातिमाबी बोलायची तसंच अगदी. आजी हर्णैची. लग्न झाल्यावर बोटीने मुंबईला आणि तिथून कराचीला आली, ती पुन्हा गेलीच नाही. सुवर्णदुर्ग अजून तसाच आहे का, संध्याकाळी पुळणीवर मासळीचा लिलाव होतो का, दीपगृह लागतं का, सगळं विचारून घेतलं. मी लहानपणी पाहिलं होतं तेवढं सांगितलं. लिलावाचं मला चांगलं आठवत होतं, कारण बाबा तिथे कुठल्याच भावाला 'हो' म्हणायचे नाहीत आणि आम्ही हात हलवत परत यायचो. यावर ती इतकी हसली की सुनेला पाणी आणावं लागलं.

तिला फोटो हवे आहेत. अण्णाकाका दर शनिवारी मासे आणायला हर्णैला जातातच. बंदर, किल्ला, लिलाव, आणि जमलं तर तिच्या मोहल्ल्यातली मशीद. घराच्या पुढे विहीर होती आणि विहिरीला लागून रामफळाचं झाड, एवढीच खूण तिने सांगितली आहे. घर उरलं असेल असं तिलाही वाटत नाही. मात्र कुणासाठी आणि कुठे पाठवायचे हे काकांना खरंखरं सांगायचं. दुबईच्या पत्त्यावर हे फोटो मागवता येणार नाहीत. मोबाइलवर तिला दिसत नाही, म्हणून फोटो मोठे आणि स्पष्ट हवेत, मी इथे छापून घेईन. काका चिडले तर मला फोन करायला सांगा. माझं मी बघते.

जूननंतर काय, ते अजून पक्कं नाही. टोरंटोतल्या दोन ठिकाणी अर्ज केलेत. आधी घरी येणार, हे नक्की.

आणि बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन 'छोटंसंच आहे' म्हणून तारीख लपवू नका. आईच्या गुडघ्याच्या वेळीही तुम्ही असंच केलं होतंत. तारीख आणि वेळ दोन्ही कळवा. तुमची सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ, त्या दिवशी मी मीटिंग ठेवणार नाही. पाडव्याला फोन करते.

तुमची,
मनू