विहिरीतल्या आंधळ्या माशाला ‘वाम’ म्हणू नका

महोदय,

पावसाळ्याआधी विहिरी उपसण्याची कामे सुरू होतात. जोगेश्वरीतल्या एका विहिरीत मिळालेल्या माशाचे 2021मध्ये ‘रक्तमिक्थिस मुंबा’ असे नामकरण झाले. तेव्हापासून अशा माशाचा उल्लेख ‘आंधळी वाम’ किंवा ‘अंध ईल’ असा होतो. ‘आंधळी’ बरोबर आहे, घोटाळा ‘वाम’ने होतो. कोळणीच्या पाटीत दिसते ती समुद्रातली वाम खऱ्या ईलच्या गणातली. विहिरीतला मासा त्या गणातला नव्हेच, त्याचे नाते नदीतल्या वामेशी, जी नावाने वाम असली तरी खरी ईल नव्हे. ओळखायला भिंग लागत नाही, मासा उताणा करून पाहावा. खऱ्या ईलच्या डोक्यामागे दोन्ही बाजूंना कल्ल्यांची छिद्रे असतात, याच्या गळ्याखाली एकच आडवी चीर असते. अंगावर ना खवले, ना पर. म्हणूनच लोक त्याला गांडूळ समजून फेकतात. गांडुळाला जबडा नसतो, एवढे पाहिले तरी पुरे.

डोळे नाहीत आणि अंग लाल आहे, यावरून नाते ठरत नाही. त्वचेतला रंग गेला की आतले रक्त दिसते, मासा कोणत्याही कुळातला असो. केरळच्या विहिरींतला ‘होराग्लॅनिस’ही आंधळा आणि लालसर, पण तो मांगूरच्या कुळातला आणि जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा. उलट 2019मध्ये तिथूनच नव्याने नोंदलेला ‘एनिग्माचन्ना’ मरळीच्या नात्यातला. भूजलात राहूनही त्याचे डोळे शाबूत आहेत आणि 2020मध्ये त्याच्यासाठी वेगळे कूळ करावे लागले.

डोळे जातात कसे, हे मेक्सिकोच्या गुहांतल्या ‘अ‍ॅस्टियानॅक्स’ या माशाने दाखवले. भ्रूणात डोळा तयार होऊ लागतो, मग भिंगातल्या पेशी मरतात आणि डोळा खुरटतो. दोन वेगळ्या गुहांतल्या आंधळ्या माशांचा संकर केला, तर काही पिल्ले चक्क पाहू शकतात, कारण दोन्हीकडे बिघडलेली जनुके निराळी. एकाच जातीत अंधत्व असे वेगवेगळ्या वाटांनी आले, मग निरनिराळ्या कुळांत येण्यात नवल ते काय? जाती ठरवायला मणके मोजावे लागतात आणि डीएनए पाहावा लागतो. होराग्लॅनिसच्या चार जाती दिसायला इतक्या सारख्या की 2023मधली ‘पॉप्युली’ ही जात डीएनएवरूनच वेगळी काढली. माहिती आणि नमुने पुरवणाऱ्या सामान्य लोकांच्या मानार्थ हे नाव दिले आहे.

मुंबईतही असे मासे सापडणे लोकांवरच अवलंबून आहे. विहीर उपसताना तळाचे दोन-तीन फूट पाणी पंपाने न काढता बादलीने काढावे. पंपाच्या पंख्यातून मासा धड बाहेर येत नाही. पाणी मच्छरदाणीच्या कापडातून गाळावे आणि गाळ तपासून होईपर्यंत ब्लीचिंग पावडर टाकू नये. जिवंत मासा मिळाला, तर त्याच विहिरीच्या पाण्याने अर्धी भरलेली बादली घ्यावी आणि झाकण ठेवावे. तो तोंडाने हवाही घेतो आणि सरपटत बाहेर पडतो. नळाचे पाणी नको, त्यात क्लोरीन असते. पट्टी शेजारी ठेवून डोके, गळा आणि शेपटीचे फोटो काढावेत व मासा त्याच विहिरीत सोडावा, दुसऱ्या नाही.

मेलेला मिळाला तर आधी शेपटीकडचा तांदळाएवढा मांसाचा तुकडा 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा, अल्कोहोल तुकड्याच्या दहापट. सॅनिटायझर चालत नाही. बाकीचा मासा बर्फात ठेवून प्रयोगशाळेत द्यावा, तिथे तो एकास नऊ पाणी घातलेल्या फॉर्मलिनमध्ये टिकवतात. फॉर्मलिनने डीएनए खराब होतो, म्हणून हा क्रम उलटा करू नये. जागा आणि तारखेची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बरणीच्या आत टाकावी, पेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते. बिनपत्त्याच्या नमुन्याचा वर्गीकरणाला फारसा उपयोग नाही.

पुनर्विकासात विहीर बुजवताना वरून डेब्रिज ओतण्याआधी एकदा तरी असा उपसा सक्तीचा असावा. एका दिवसाचे काम आहे.

— मत्स्यवर्गीकरणाचा एक अभ्यासक, अंधेरी (पूर्व), मुंबई