तुलना पुड्याची नको, किलोची हवी

रविवारच्या अंकात किराणा व इंधनाच्या दहा वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या दरांचा तक्ता प्रसिद्ध झाला. प्रयत्न स्तुत्य आहे. पण तेल, बिस्किटे, साबण यांची तुलना ‘एक पिशवी’, ‘एक पुडा’ अशी केल्याने खरी महागाई त्यात दिसतच नाही. पेट्रोलचा दर १६ जून २०१७ पासून रोज ठरतो, तरी लिटर लिटरच राहतो. पुड्याचे तसे नाही. किंमत तीच ठेवून आतले वजन घटवले जाते.

खाद्यतेलात लिटर आणि किलोचा घोळ वेगळाच. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते. म्हणजे १५ किलोचा आणि १५ लिटरचा डबा यांत जवळपास १ किलो ३५० ग्रॅमचा फरक पडतो. मार्केट यार्डात भाव विचारताना डबा कोणता, हे आधी विचारलेच पाहिजे.

वेष्टनावर एककाचा दर छापणे आता बंधनकारक आहे. मात्र एक किलोपेक्षा कमी वजनाच्या मालावर तो प्रतिग्रॅम, दोन दशांश स्थळांपर्यंत छापतात. ‘०.१४ रुपये प्रतिग्रॅम’ म्हणजे किलोला १३५ ते १४५ रुपयांपर्यंत काहीही! यावरून दोन पुड्यांतला स्वस्त कोणता, हे गिऱ्हाइकाने ठरवायचे कसे? छोट्या पुड्यांवरही किलोचाच दर ठळक छापण्याची सक्ती केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने करावी, आणि आपणही पुढचा तक्ता किलो-लिटरच्या हिशेबाने द्यावा.

– एक वाचक, पुणे