बाल्टिमोरच्या बोगद्यात टाक्या घेऊन शिरू नकोस

कोलंबिया, मेरीलँड
११ मे २०२५

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू सहलीसाठी घेतलेल्या राहायच्या ट्रेलरबद्दल इतकं भरभरून बोलत होतास की मध्ये तोंड घालायला मन होईना. वहिनींनी पडदे कुठल्या रंगाचे निवडले, मुलांनी वरचा बर्थ कसा वाटून घेतला, काकू सांगलीहून आल्या की त्यांना समुद्र कसा दाखवायचा, सगळं ऐकून खरंच आनंद झाला. मग मी रस्ता विचारला. तू म्हणालास, सरळ आय-९५ महामार्ग, बाल्टिमोरवरून खाली. मी म्हटलं, अरे, तिथे बोगदा आहे, गॅसच्या टाक्या चालत नाहीत. त्यावर तू म्हणालास, "टाक्यांवर कव्हर आहे. कोण उघडून बघतंय?"

मी विषय बदलला, आणि ते चूक झालं. रात्री दोनपर्यंत जागा होतो. फोनवर मला हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय.

आधी एक कबुली देतो. २०१९च्या दिवाळीला आम्ही तुमच्याकडे आलो होतो, आठवतंय? हिने केलेली बासुंदी तू दोनदा मागून घेतलीस. ती बासुंदी ट्रेलरच्या फ्रीजमधून आली होती, आणि तो फ्रीज कोलंबियापासून तुमच्या दारापर्यंत गॅसवर चालला होता. आमचा ट्रेलर तेव्हा नवा होता. फोनवरच्या नकाशाने फोर्ट मॅकहेन्री बोगदा दाखवला आणि मी शिरलो. पाटी दिसली होती, पण ती मोठ्या ट्रकवाल्यांसाठी असेल असं वाटलं. बोगदा उतरत उतरत तळाशी आला आणि पुढची रांग थांबली. चार-पाच मिनिटं तिथेच उभे होतो, वर अख्खं बंदर, मागच्या सीटवर दोन्ही पोरं झोपलेली. तेव्हा डोक्यात आलं, की माझ्या पाठीमागे पंचवीस फुटांवर, फ्रीजच्या मागच्या जाळीआड, निळी ज्योत पेटलेली आहे. त्या ज्योतीवरच तो फ्रीज थंड होत होता. गाडीतून उतरून टाकीपर्यंत जाणंही शक्य नव्हतं. तिथे बसून रांग हलायची वाट बघण्याशिवाय माझ्या हातात काही नव्हतं.

काही झालं नाही. पण "काही झालं नाही" या आधारावर मी तुला तिथून जाऊ देणार नाही.

नियम अगदी साधा आहे. बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांत, म्हणजे १९५७चा हार्बर बोगदा आणि १९८५चा फोर्ट मॅकहेन्री, १० पौंडांपेक्षा मोठी प्रोपेनची टाकी न्यायला बंदी आहे. शेगडीला लावायच्या त्या छोट्या हिरव्या बाटल्या चालतात, त्याही जास्तीत जास्त दहा. तुझ्या ट्रेलरच्या नाकावर ३० पौंडांच्या दोन आहेत. कॉक बंद असला म्हणून त्या चालत नाहीत.

तू लगेच म्हणशील, बंद केल्यावर गॅस येणार कुठून? मलाही तसंच वाटायचं. पण बंदीमागे फक्त गळतीची भीती नाही. दुसऱ्या कुणाची गाडी तुझ्या शेजारी पेटली तर काय, हा खरा प्रश्न आहे. टाकी तापली की आतला दाब वाढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, त्याचं कामच ते. उघड्या हायवेवर तो गॅस मोकळ्या हवेत पांगतो, जळला तरी आकाशात जळतो. बोगद्यात वर छत आहे, आणि आग आडवी, लोकांच्या दिशेने पसरते. व्हॉल्व्हलाही आवरेनासं झालं तर टाकीचा पत्राच फाटतो. एका ३० पौंडी टाकीत साधारण सव्वीस लिटर द्रव असतो आणि त्याची वाफ झाली की जवळपास २७० पट होते. दोन टाक्यांचा हिशेब तूच कर. शंभर भाग हवेत दोन-अडीच भाग गॅस मिसळला तरी एका ठिणगीचं काम असतं.

गळती झाली तर मात्र बोगद्याचा आकारच घात करतो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड. आपल्या घरात आई सांगायची ना, गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नको, आधी दारं उघड, गॅस खाली जमिनीवर साचतो. तोच हा गॅस. आपल्या घरच्या सिलिंडरात तो ब्युटेनबरोबर असतो, इथे जवळजवळ नुसता प्रोपेन, आणि वासासाठी घातलेलं रसायनही त्याच जातीचं. आता पाण्याखालचा बोगदा डोळ्यांसमोर आण. दोन्हीकडून उतार, मध्ये सगळ्यात खोल. जड गॅस वाहत वाहत तिथेच जमणार, आणि मी त्या दिवशी नेमका तिथेच थांबलो होतो.

या सगळ्याची माणसांनी किंमत मोजलेली आहे. तुझ्या घराजवळचा, न्यूयॉर्कला जाणारा हॉलंड बोगदा घे. १९२७ साली सुरू झाला तेव्हा त्याच्या हवेच्या व्यवस्थेचं जगभर कौतुक झालं. ८४ पंखे, दर दीड मिनिटाला आतली सगळी हवा बदलणारे. तरी १३ मे १९४९ला कार्बन डायसल्फाइड या चटकन पेटणाऱ्या रसायनाची ८० पिंपं घेऊन एक ट्रक आत शिरला, पिंप पडून पेटलं आणि ६६ माणसं जखमी झाली. तो मालही नियम मोडूनच आत नेलेला होता. त्या ट्रकवाल्यालाही वाटलंच असेल, कोण उघडून बघतंय. आणि फ्रान्स-इटलीमधल्या माँ ब्लाँ बोगद्यातली १९९९ची आग. तिथल्या ट्रकमध्ये तर मार्गारीन आणि मैदा होता, ज्याला कुणी स्फोटक म्हणणार नाही. आग ५३ तास धुमसली आणि ३९ माणसं गेली. मार्गारीनने हे होतं, तर तुझ्या टाक्यांचं मी काय सांगू?

त्या दिवाळीनंतर आम्ही उत्तरेला जाताना नेहमी बाल्टिमोरच्या फ्रान्सिस स्कॉट की ब्रिजवरून जायचो. शहराभोवतीच्या ६९५ रिंगरोडच्या पूर्वेचा तो लांबलचक लोखंडी पूल १९७७ साली बांधला गेला, आणि बोगद्यात ज्यांना मज्जाव त्या टँकरांचा, ट्रेलरांचा तो हक्काचा रस्ता होता. वीसेक मिनिटं जास्त लागायची. पण चढून वर आलं की खाली पटॅप्स्को नदी, दूर क्रेन, रांगेत उभी जहाजं. पोरं तिथे फोन बाजूला ठेवायची, आणि मला तो पूल खूप आवडायला लागला होता.

२६ मार्च २०२४च्या रात्री काय झालं ते तुला माहीत आहे. दाली नावाच्या मालवाहू जहाजाची वीज गेली, ते वळवता येईना, रात्री दीडच्या सुमाराला ते खांबावर आदळलं आणि काही सेकंदांत पूल नदीत. जहाजावर बहुतेक खलाशी आपले भारतीय होते. जहाजावरून धोक्याचा इशारा वेळेवर गेला म्हणून पोलिसांनी दोन्ही टोकांना वाहतूक अडवली आणि कितीतरी जीव वाचले. पण पुलावर रात्रपाळीला खड्डे बुजवणारे मजूर होते, त्यांतले सहा जण गेले. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर इथून आलेली, घरी पैसे पाठवणारी माणसं. आम्हाला पलीकडे नेणारा रस्ता ती माणसं रात्री जागून नीट ठेवत होती. सकाळी बातमी बघून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

तर आता तो पूल नाही. टाक्या असलेल्यांना ६९५च्या पश्चिमेकडून अख्ख्या शहराला वळसा घालावा लागतो, आणि तिथली गर्दी संध्याकाळी विचारू नकोस. म्हणूनच नव्या ट्रेलरवाल्यांना बोगद्याचा मोह होतो. मोह मला कळतो. पण हा वळसा तुला घ्यायचाच नाहीये, कारण तुला नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर, आउटर बँक्सला जायचंय आणि त्यासाठी बाल्टिमोरची गरजच नाही.

हा रस्ता धर. न्यू जर्सी टर्नपाइकने खाली ये, डेलावेअर मेमोरियल ब्रिज ओलांड, मग डेलावेअरचा १ नंबर, डोव्हर, आणि पुढे रूट १३ धरून थेट केप चार्ल्स. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, कोंबड्यांच्या लांब शेड, सिग्नल थोडे जास्त, पण ट्रेलर ओढायला सुखाचा सपाट रस्ता. पहिल्यांदाच ओढणाऱ्याला आय-९५वरच्या ट्रकांच्या वाऱ्यापेक्षा हा शंभर पटीने बरा.

शेवटी चेसापीक बे ब्रिज-टनेल लागेल. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत साडेसतरा मैल, १९६४चा, आणि मध्ये दोन वेळा रस्ता पाण्याखाली मैल मैलभर बुडी मारतो. इथे टाक्या चालतात. दोन बाटल्या, प्रत्येकी ४५ पौंडांपर्यंत, पण कॉक बंद हवेत. एका राज्यात बंदी आणि शेजारच्या राज्यात परवानगी, हे मला स्वतःला पटत नाही. गॅस तोच, पाणीही एकाच उपसागराचं. पण ज्याचा बोगदा त्याचा नियम. निघायच्या आठवड्यात त्यांच्या ऑफिसला फोन करून पुन्हा विचारून घे.

या पुलावर टाक्यांपेक्षा वाऱ्याची जास्त काळजी. वारा ताशी ४० मैलांच्या वर गेला की मागे ओढून नेलेलं काहीही ते आत सोडत नाहीत. म्हणून आदल्या रात्री अलीकडेच मुक्काम कर. पुलाच्या उत्तर टोकापासून अगदी जवळ किप्टोपीक स्टेट पार्क आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली काँक्रीटची नऊ जहाजं लाटा अडवायला समुद्रात बसवली आहेत. काकूंना संध्याकाळी त्या धक्क्यावर घेऊन जा. काँक्रीटचं जहाज तरंगायचं हे त्यांना कुणी सांगून पटणार नाही. आणि वीज मिळणारी जागा बुक कर. ती का, ते सांगतो.

काल तू म्हणालास, फ्रीज चालू ठेवावाच लागेल, आईचं इन्सुलिन आहे. मला वाटतं तुझा सगळा हट्ट या एका गोष्टीवर उभा आहे, आणि तो योग्य आहे. पण त्यासाठी ज्योत नको. किप्टोपीकला रात्रभर फ्रीज विजेवर चालव, आत पाण्याच्या गच्च बाटल्या भर. सकाळी बंद केलास आणि दार उघडलं नाहीस तर पूल ओलांडण्याच्या अर्ध्या-पाऊण तासात आत काहीच बदलत नाही. माझा तर दुपारपर्यंत गार राहतो. तरी इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवूच नकोस. छोट्या कूलरमध्ये ठेव आणि कूलर पुढे गाडीत, काकूंच्या पायाशी. बर्फाच्या पिशवीला ते थेट टेकू देऊ नको, मध्ये टॉवेल घाल. गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

आता टाक्यांचं. तुझ्याकडे दोन टाक्यांच्या मध्ये जो रेग्युलेटर आहे, तो एक टाकी संपली की आपोआप दुसरीवर जातो. त्यामुळे लोक एकच कॉक बंद करतात आणि गॅस बंद झाला समजतात. दोन्ही बंद करायचे, घड्याळाच्या दिशेने, घट्ट. मग आत जाऊन शेगडीचा एक बर्नर पेटव आणि नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत विझेपर्यंत उभा राहा. फ्रीज, गीझर, हीटर तिन्हींची बटणं बंद. फ्रीज "ऑटो"वर ठेवलास तर तो पुन्हा पुन्हा पेटायचा प्रयत्न करतो आणि लाल दिवा लावून बसतो. पलीकडे पोचल्यावर कॉक हळूहळू उघड. झटकन उघडलास तर आतली सुरक्षेची कळ बसते, गॅस धड येत नाही, आणि तुला वाटेल टाकी संपली. मी एकदा भर पावसात नवी टाकी आणायला निघालो होतो.

तुमच्याकडून न्यूयॉर्कला जायचं झालं तर हॉलंड आणि लिंकन दोन्ही बोगदे तुला बंद. जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजने जा, पण वरच्या मजल्यावरून. बॉस्टनच्या बोगद्यांतही बंदी आहे. फोनवरच्या नकाशाला तुझ्या टाक्या दिसत नाहीत, हे प्रत्येक वेळी लक्षात ठेव.

आपण कोथरूडच्या खोलीत राहायचो तेव्हा सुट्टीला निघताना तू दार लावून रिक्षापर्यंत यायचास आणि परत वर जायचास, गॅसचा रेग्युलेटर काढला का बघायला. दर वेळी. माझी गाडी चुकेल म्हणून मी चिडायचो. काल फोनवर बोलत होता तो माणूस मला ओळखू आला नाही, म्हणून एवढं लांबलं.

किप्टोपीकला पोचायची तारीख कळव. इथून मी एकटाच गाडी घेऊन येतो, रात्री तुमच्याबरोबर राहतो. सकाळी दोन्ही कॉक आपण मिळून बंद करू, आणि तुमचा ट्रेलर पुलावर चढला की मी परत फिरेन. येताना ही काकूंसाठी मेतकूट देणार आहे.

तुझा,
खोलीवरचा जुना सोबती