शिडी कोण धरतं?

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज म्हणालीस, रात्री दीडला शिडीवर होते, लाइट टांगत होतो. त्यानंतरचं मला धड ऐकूच आलं नाही. नाटकाच्या शाळेत दुसऱ्या वर्षाला तुला अभिनय नाही, डिझाइन मिळालं, ही खरी बातमी. ती आईला सांगायचीच राहिली.

आनंद झालाय गं, खूप. भावे नाट्यमंदिरात सगळी पोरं नटांकडे बघायची आणि तू काळोख झाला की माझा दंड धरून विचारायचीस, "बाबा, सोफा कुणी नेला?" एकदा मध्यंतरात तुला आत नेलं, तर रंगमंचावरच्या रेडियमच्या पट्ट्यांवर बोट फिरवत बसलीस. अंधारात पाय कुठे टाकायचा ते कळावं म्हणून त्या असतात, असं तिथल्या काकांनी सांगितलं. आठवड्यात आपल्या जिन्याला पट्ट्या लागल्या. आक्का अजून त्या बघूनच उतरतात.

पण शिडी कोण धरतं तुमच्यात? खांबावर चढण्यातच माझी सगळी नोकरी झाली, म्हणून सांगतो. झोप आली की आधी हात चुकतो. पाना दोरीने कमरेला बांध. दिव्याला सेफ्टी चेन लावल्याशिवाय खाली उतरायचं नाही. हजार वॉटचा दिवा बंद केला तरी बराच वेळ भाजतो, हातमोजे घाल. आणि जेवून चढत जा.

झालं माझं भाषण सुरू. रागावू नकोस. तिथे शिकवणारे आहेत, मला कळतं.

दिग्दर्शक अल्काझींनी १९६३ साली दिल्लीतल्या फिरोजशहा कोटला किल्ल्याच्या पडक्या भिंतींतच 'अंधा युग' नाटक उभं केलं, हे तू सांगितलंस ते मी सगळ्या मित्रांना ऐकवलं. सांगलीत १८४३ला विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक केलं आणि आता आमची मनू दिल्लीत नेपथ्य शिकते, हेही जोडून दिलं. तुझ्या नेपथ्याच्या मॉडेलचा फोटो मोठा करून घेतलाय. प्रमाण एकास पंचवीस, म्हणजे सहा फुटी माणूस जेमतेम तीन इंचांचा. खिडकीच्या गजांची सावलीसुद्धा पडलीय. फक्त त्या जिन्याला कठडा दिसत नाही. नट अंधारात उतरणार ना तिथून?

डिसेंबरच्या प्रयोगाची तारीख पक्की झाली की लगेच कळव. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसची तिकिटं लवकर संपतात. आक्कांना खालचा बर्थ लागेल, आणि तो विषय त्यांच्यासमोर काढू नकोस.

तुझा,
बाबा