नोकिया नावामागचा अभियंता

महोदय,

आमच्या गुहागरच्या घरी फडताळात कळा झिजलेला नोकियाचा जुना मोबाइल अजून आहे. पण या नावाची सुरुवात लाकडाच्या लगद्यापासून झाली, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. फिनलंडचे खाण अभियंता फ्रेड्रिक इडेस्टाम (१८३८-१९१६) यांनी १८६५ मध्ये टांपेरे येथे, नदीच्या वेगवान प्रवाहाच्या जोरावर लाकूड दळून कागदाचा लगदा करणारी गिरणी काढली, मग नोकिया गावाजवळ दुसरी, आणि १८७१ मध्ये मित्र लिओ मेकेलिन यांच्यासह गावाच्याच नावाने कंपनी स्थापली. वीजनिर्मितीत उतरण्याचा मेकेलिन यांचा आग्रह मात्र इडेस्टाम यांनी मानला नाही. तो व्यवसाय त्यांच्या निवृत्तीनंतरच सुरू झाला. कोयनेचे अवजल, म्हणजे वीज तयार करून झाल्यावर सोडलेले पाणी, वाशिष्ठीतून खाडीला जाताना रोज पाहणाऱ्या आम्हां कोकणवासीयांना ही गोष्ट शाळेत कुणी सांगितली नाही.

– एक वाचक, गुहागर